फौजदारीत नवा आहेस? आधी पेपरबुकं वाच

वकिलीची सनद मिळाल्यावर पुढे शिकत राहायची सक्ती आपल्याकडे नाही, त्यामुळे ती सवय स्वतःच लावून घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच कलम हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं होतं, ते आता ५२८ झालं. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर कलमं जुन्या भादंविचीच (भारतीय दंड संहितेची) लागतात. जुन्या-नव्या कलमांचे हे तक्ते वापरून वापरून पाठ होतात, फार टेन्शन घेऊ नकोस.

खरा वेळ घाल तो निकाली अपिलांची पेपरबुकं, म्हणजे खालच्या कोर्टातले जबाब, पुरावे आणि निकाल यांची बांधलेली पुस्तकं, वाचण्यात. (सेमिनारची सर्टिफिकेटं भिंतीवर छान दिसतात, तेवढंच.) समज, साक्षीदाराला उलटतपासात पोलीस जबाब दाखवला, त्याने तो मजकूर नाकारला, तेवढा भाग ‘अ’ म्हणून मार्क झाला. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आल्यावर ‘हे साक्षीदाराने सांगितलं तसंच लिहिलंत का?’ एवढं विचारायचं राहिलं, तर विरोधाभास शाबीत होत नाही. मग अपिलात कितीही घसा फोडा. ही भोकं कुठे पडतात ते पेपरबुकातच कळतं.

आणि सीसीटीव्ही असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ उघड. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. तज्ज्ञाने भरायचा दुसरा भाग कोरा तर नाही ना, हे आधी बघ.