मनाच्या आजारात सेवा-श्वान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या मदतीसाठी प्रशिक्षित केलेल्या कुत्र्यांविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न येथे निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : एका अपघातानंतर मला पीटीएसडी (भयंकर प्रसंगाच्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) असल्याचे निदान झाले. घरी चार वर्षांची कुत्री आहे. मी अस्वस्थ झाले की ती आपणहून जवळ येऊन बसते आणि मला बरे वाटते. तिला सेवा-श्वान म्हणता येईल का?

उत्तर : तिच्या सोबतीने आपल्याला मिळणारा आधार खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही, मात्र तेवढ्यावरून ती सेवा-श्वान ठरत नाही. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. आजारामुळे जगण्यातली एखादी महत्त्वाची क्रिया, उदाहरणार्थ झोप, घराबाहेर पडणे किंवा एकाग्र होणे, चांगलीच अडलेली असावी लागते. आणि त्या अडथळ्याशी थेट संबंध असलेले ठरावीक काम कुत्र्याला शिकवलेले असावे लागते. अमेरिकेतील अपंगत्वविषयक कायद्याने ही कल्पना बरीच नेमकी केली आहे आणि त्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, केवळ सहवासातून मिळणारा दिलासा हे काम धरले जाणार नाही. असा दिलासा देणाऱ्या प्राण्याला तेथे भावनिक आधार देणारा प्राणी म्हणतात. रुग्णालयात किंवा शाळेत नेऊन अनेकांना भेटवला जाणारा थेरपी डॉग हा तिसराच प्रकार आहे.

काम म्हणजे काय, हे उदाहरणांवरून लवकर कळते. दुःस्वप्नात ओरडू लागलेल्या माणसाला नाकाने ढोसून जागे करणे आणि मग दिव्याचे बटण दाबणे. पॅनिक अटॅकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या वेळी मांडीवर किंवा छातीवर अंग टाकून सलग दाब देणे. माणूस त्वचा ओरबाडू लागताच त्याच्या हाताखाली तोंड घालून ती क्रिया थांबवणे. गर्दीत भान हरपू लागले तर दाराकडे घेऊन जाणे. गोळ्यांच्या वेळी माणूस उठेपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणे. रांगेत आडवे उभे राहून मागच्या माणसापासून अंतर राखणे. ही सगळी कामे शिकवता येतात आणि कुत्र्याला ती येतात की नाही हे पाहून ठरवता येते.

आपली कुत्री आपणहून जवळ येते, हा चांगला आरंभ आहे. तिच्या या सवयीला एक ठरावीक इशारा जोडून, प्रत्येक वेळी बक्षीस देऊन आणि मग अनोळखी जागी सराव करून त्यातून पक्के काम घडवता येईल. पण प्रशिक्षकाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. त्रास होतो तेव्हा नेमके काय घडते आणि त्या क्षणी शेजारी एखादा समंजस माणूस असता तर त्याने काय केले असते, याची काही आठवडे नोंद ठेवावी. त्या नोंदीतून जी कामे निघतील, तीच कुत्रीने शिकायची आहेत. नोंदीत एकही काम निघाले नाही, तर आपल्याला प्रेमळ सोबतीची गरज आहे आणि ती आपल्या घरात आधीच आहे.

प्रश्न : माझे पती नैराश्य आणि पॅनिक अटॅक यांसाठी औषधे घेतात. सेवा-श्वान आणल्यावर औषधे हळूहळू बंद करता येतील, असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : या अपेक्षेने कृपया कुत्रा आणू नये. औषधाचे प्रमाण बदलायचे की नाही हे त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे. कुत्रा हा उपचारांना दिलेला जोड आहे, पर्याय नाही.

संशोधन काय सांगते, तेही पाहू. बहुतेक अभ्यास अमेरिकेतील पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांवर झाले आहेत. २०२४ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५६ सैनिक व माजी सैनिक सहभागी होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सेवा-श्वान मिळालेल्यांची लक्षणे तीन महिन्यांनंतर, केवळ उपचार घेत प्रतीक्षायादीत असलेल्यांपेक्षा सौम्य आढळली; नैराश्य आणि चिंताही कमी होती. मात्र कोणाला कुत्रा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे निष्कर्ष तेवढ्याच बेताने घ्यावा लागतो. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने याआधी सेवा-श्वान आणि भावनिक आधार देणारा कुत्रा यांची थेट तुलना केली होती. तीत पीटीएसडीची लक्षणे सेवा-श्वान असलेल्या गटात थोडी अधिक घटली, पण दैनंदिन कामकाजाच्या क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. फायदा आहे, पण तो माफक आहे आणि तो उपचार चालू असताना दिसलेला आहे. आपल्या पतींना हे सगळे आधी माहीत असेल, तर कुत्रा आल्यावरही वाईट दिवस येतात तेव्हा त्यांना आपण हरलो असे वाटणार नाही.

प्रश्न : माझ्या डॉक्टरांची संमती आहे. कुत्रा संस्थेकडून तयार घ्यावा की पिल्लू आणून स्वतः शिकवावे?

उत्तर : दोन्ही मार्ग प्रतिष्ठेचे आहेत; अमेरिकेच्या कायद्यातही स्वतः शिकवलेल्या कुत्र्याचा दर्जा कमी धरलेला नाही. चांगली संस्था कुत्र्याची निवड, आरोग्यतपासणी आणि पायाभूत शिक्षण करून मगच जोडी जमवते, जोडीला एकत्र शिकवते आणि पुढेही संपर्कात राहते. प्रतीक्षा बरीच असते, अनेकदा वर्षांची, आणि पुष्कळ संस्था केवळ माजी सैनिकांना किंवा विशिष्ट आजार असलेल्यांनाच कुत्रा देतात. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ ही अशा संस्थांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संघटना आहे. संस्था निवडताना ही मान्यता पाहावी आणि तिने पूर्वी कुत्रे दिलेल्या दोनचार व्यक्तींशी बोलावे.

स्वतः शिकवण्याचा मार्ग आपल्या गरजेशी अधिक घट्ट बसतो, पण त्यातली जोखीम बहुतेक पत्रलेखकांनी कमी धरलेली दिसते. सेवेच्या कामासाठी लागणारा स्वभाव दुर्मीळ आहे. भांडे पडल्याच्या आवाजाने दचकूनही क्षणात सावरणारा, अनोळखी माणसांविषयी ना भीती ना अतिउत्साह असणारा, दुसरा कुत्रा दिसला तरी आपल्या माणसाकडे लक्ष ठेवणारा आणि तासभर काही न करता शांत पडून राहू शकणारा कुत्रा हवा असतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि मोठ्या आकाराचा पूडल या जातींत तो अधिक सापडतो. तरीही खास याच कामासाठी पैदास केलेल्या पिल्लांपैकीही बरीच शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावे की, हे पिल्लू सेवेला योग्य ठरले नाही तर मी त्याला घरचा कुत्रा म्हणून सांभाळीन का, आणि मग दुसऱ्या पिल्लासाठी माझ्याकडे जागा, पैसा आणि उमेद उरेल का.

पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा असतो. त्या काळात भेटलेली माणसे, आवाज आणि जमिनीचे पोत पुढे आयुष्यभर त्याला परके वाटत नाहीत, आणि नेमका हाच काळ लसीकरण अपुरे असण्याचाही असतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लाला कडेवर घेऊन फिरवणे, हा यावरचा व्यवहार्य तोडगा आहे. सहायक श्वान वापरणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान सहा महिन्यांत १२० तासांचे प्रशिक्षण आणि त्यांपैकी ३० तास सार्वजनिक जागी, असा दंडक सुचवला होता. तो किमान आहे. प्रत्यक्षात दीड ते दोन वर्षे धरून चालावे. या काळात अनुभवी प्रशिक्षकाची नियमित देखरेख असावी, आणि तो मारून किंवा धाक दाखवून शिकवणारा नसावा. ज्या माणसाच्या भीतीच्या क्षणी कुत्र्याने धावून यायचे आहे, त्याच माणसाची कुत्र्याला भीती बसली तर सगळेच शिक्षण वाया जाते.

प्रश्न : इंटरनेटवर पैसे भरून सेवा-श्वानाचे प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि जाकीट मिळते. ते घेतले तर कुत्र्याला सगळीकडे नेता येईल ना?

उत्तर : असे प्रमाणपत्र घेऊ नये. जेथे हा कायदा सर्वांत स्पष्ट आहे त्या अमेरिकेत सेवा-श्वानांची कोणतीही सरकारी राष्ट्रीय नोंदवही नाही, त्यामुळे विकत मिळणाऱ्या या कागदांना कायदेशीर किंमत नाही. १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’नुसार दुकानदार किंवा उपाहारगृहाचा कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतो : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजार कोणता, हे विचारता येत नाही आणि कागद मागता येत नाहीत. पण कुत्रा आवरत नसेल किंवा त्याला जागा घाण न करण्याची सवय नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते, मग तो खरा सेवा-श्वान का असेना. विमानप्रवासाचे नियम वेगळे आहेत. जानेवारी २०२१ पासून अमेरिकी विमान कंपन्यांवर भावनिक आधाराच्या प्राण्यांना सेवा-श्वान मानण्याचे बंधन राहिलेले नाही. मानसिक आजारासाठी शिकवलेल्या सेवा-श्वानाला मात्र इतर सेवा-श्वानांच्या बरोबरीचे स्थान आहे आणि त्यासाठी विमान कंपनी प्रवाशाकडून विहित अर्ज भरून मागू शकते. इतर देशांचे कायदे याहून पुष्कळ निराळे आहेत, काही ठिकाणी केवळ अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांनाच प्रवेशाचा हक्क आहे. म्हणून प्रवासापूर्वी त्या देशाचा नियम लेखी पाहून घ्यावा.

खोट्या कागदावर नेलेला, न शिकवलेला कुत्रा एखाद्या खऱ्या सेवा-श्वानावर धावून गेला, तर त्या कुत्र्याच्या मनात इतर कुत्र्यांविषयी कायमची भीती बसू शकते आणि त्याचे काम संपू शकते. त्यामागे वर्षांचे कष्ट आणि एका आजारी माणसाचे स्वातंत्र्य असते.

प्रश्न : मला लोकांच्या नजरांचीच भीती वाटते. कुत्रा सोबत असल्यावर लोक अधिक पाहणार नाहीत का?

उत्तर : पाहतील, आणि हा प्रश्न आपण आधीच विचारलात हे फार चांगले झाले. आपला आजार आज कोणाला दिसत नाही. कुत्रा बरोबर आला की काहीतरी आहे, हे सर्वांना कळते. लोक हात लावायला येतात, मुले धावत येतात, अनोळखी माणसे आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या आठवणी सांगतात आणि काही जण सरळ विचारतात, ‘तुम्हाला तर काहीच झालेले दिसत नाही!’ सामाजिक भीती असलेल्या काहींना कुत्र्यामुळे संभाषणाला विषय मिळतो आणि घराबाहेर पडणे सोपे जाते. काहींना हा ताण असह्य होऊन ते कुत्र्याला घरीच ठेवू लागतात. आपण कोणत्या गटात बसाल, हे आपल्या समुपदेशकाशी आधी बोलावे, आणि शक्य असल्यास एखाद्या ओळखीच्या शांत कुत्र्याला घेऊन, त्याला चालेल अशा जागी काही वेळा फिरून पाहावे.

उत्तरे मात्र तयार असावीत. ‘तो कामावर आहे, कृपया हात लावू नका,’ एवढे एक वाक्य, न थांबता आणि न चिडता म्हणण्याचा घरी सराव करावा. वाक्य सुचणार नाही अशा दिवसांसाठी तेच छापलेले छोटे कार्ड जवळ ठेवावे. आपल्या आजाराचे नाव सांगण्यास आपण कोणाही अनोळखी माणसाला बांधील नाही.

दुसरी बाब रोजच्या देखभालीची. अंथरुणातून उठवत नाही अशा दिवशीही कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते. पुष्कळांना हीच शिस्त तारते. पण काही दिवस असे येतात की तीही जमत नाही, आणि त्या दिवसांसाठी किल्ली दिलेला एक माणूस, आठवडाभराचे खाणे आणि पशुवैद्याचा क्रमांक ही व्यवस्था कुत्रा येण्यापूर्वीच झालेली असावी. आपण रुग्णालयात दाखल झालात तर कुत्रा कोठे राहील, तेही लिहून ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलाला सेवा-श्वान मिळाला आहे. त्याचा फायदा दिसतो, पण मुलाचा ताण त्या मुक्या जिवावर येत असेल का, ही काळजी मला खाते.

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने २०२२ साली दाखवले की, ताणाखाली असलेल्या माणसाच्या घामाचा आणि श्वासाचा वास प्रशिक्षित कुत्रे त्याच माणसाच्या ताण येण्यापूर्वीच्या वासापासून वेगळा ओळखतात. २०१९ साली स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांना मालकांच्या केसांतील आणि त्यांच्या शेटलंड शीपडॉग व बॉर्डर कॉली कुत्र्यांच्या केसांतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाच्या पातळ्या एकमेकींशी जुळताना आढळल्या. तेव्हा आपल्या मुलाच्या मनात काय चालले आहे याची कुत्र्याला काहीच खबर नाही, असे समजू नये.

म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय लावावी. खाणे समोर नसताना सारखे ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, तोंड फिरवणे, काम सांगितल्यावर रेंगाळणे, पूर्वी धावत येऊन घालून घ्यायचा ते जाकीट पाहून मागे सरकणे, ही थकव्याची चिन्हे आहेत. अचानक बदल झाला तर आधी पशुवैद्याकडून दुखणे नाही ना ते तपासून घ्यावे. रोज काही तास असे असावेत की, जाकीट उतरले आहे आणि त्याच्याकडून कोणतीच अपेक्षा नाही; धावणे, वास घेत भटकणे आणि गाढ झोप यांसाठी ते राखलेले असावेत. मुलाच्या फार कठीण काळात कुत्र्याला दोन दिवस आपल्याकडे आणण्यातही गैर काही नाही.

बहुतेक सेवा-श्वान आठ ते दहा वर्षांचे होईपर्यंत काम करतात, काही त्याआधीच थकतात. निवृत्तीनंतर तो मुलाकडेच राहणार की आपल्याकडे येणार, आणि दुसरा कुत्रा आणायचा असेल तर म्हाताऱ्याची जागा कोणती, हे तो पाच-सहा वर्षांचा असतानाच ठरवावे, कारण नव्या कुत्र्याच्या शिक्षणाला पुन्हा दोन वर्षे लागतील. त्या चर्चेत मुलाच्या समुपदेशकालाही घ्यावे. कुत्र्याचे थकणे आणि पुढे त्याचे जाणे मुलाला फार जड जाईल, आणि त्याची तयारी उपचारांचाच भाग म्हणून झालेली बरी.