भिजलात तरी चालेल, पण झाडाखाली जाऊ नका

प्रश्न : आमचे शेत हिंगोली जिल्ह्यात आहे. मागच्या वैशाखात दुपारी चारच्या सुमारास आम्ही कडब्याची गंजी झाकत असताना आभाळ भरून आले आणि पावसाचा थेंबही पडलेला नसताना शेजारच्या चिंचेवर वीज पडून तिच्याखाली बांधलेली बैलजोडी दगावली. दहा-बारा हातांवर उभा असलेला सालगडी मात्र वाचला. पाऊस नसताना वीज कशी पडली? बैलच का दगावले? माझे वडील पायाळू आहेत, म्हणून आजी त्यांना अशा हवेत बाहेर पडू देत नाही. त्यात काही तथ्य आहे का? आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावू नये, हे खरे का?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : वीज पडण्यासाठी पाऊस जमिनीपर्यंत पोहोचलेला असावा लागत नाही. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा समुद्रावरून आलेले बाष्प घेऊन वेगाने वर चढते आणि तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या थंडगार वरच्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. ही घडामोड चालू असताना खाली पडू लागलेला पाऊस कोरड्या हवेत वाटेतच आटत असतो. त्या आटण्याने गार आणि जड झालेली हवा खाली कोसळून चहूकडे पसरते, म्हणूनच पावसाआधी धूळ उडवत, मातीचा वास घेऊन तो गार वारा येतो. उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना तो सुखावतो खरा, पण त्या क्षणी काम टाकून घराकडे निघायला हवे, कारण वीज ढगापासून दहा किलोमीटर अंतरावरही पडू शकते.

अंतराचा अंदाज घेणे सोपे आहे. आवाजाला एक किलोमीटर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी आकडे मोजून झाले, तर आपण धोक्याच्या टप्प्यात आहोत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मोबाइलवर देते. मोबाइलमुळे वीज ओढली जाते, ही समजूत निराधार आहे.

आता बैलांविषयी. झाडावर पडलेली वीज मुळांशी संपत नाही, ती जमिनीतून चहूबाजूंना पसरते आणि बुंध्यापासून दूर जाऊ लागताच तिचा दाब उतरत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड-दोन हातांहून अधिक अंतर असल्यामुळे त्या दोन ठिकाणच्या दाबात मोठा फरक पडतो आणि प्रवाह एका पायाने शिरून छातीतून दुसऱ्या पायाने बाहेर पडतो. माणसाच्या पावलांत अंतर कमी असते. आपल्या सालगड्याला त्याचा आणि नशिबाचा, दोहोंचा हात मिळाला असावा. झाडाच्या अगदी जवळ तो असता, तर बुंध्यावरून उडी मारून वीज त्याच्याही अंगावर आली असती. भारतात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, त्यांत शेतात राबणारे फार असतात आणि अनेकांनी केवळ भिजू नये म्हणून झाडाचा आसरा घेतलेला असतो.

चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, तसेच ट्रॅक्टर, हा सुरक्षित आसरा नव्हे. पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार चालेल. काहीच जवळ नसेल, तर उंच वस्तू आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे मात्र होऊ नये. हा नाइलाजाचा उपाय आहे. घरात असताना नळाखाली अंघोळ करू नये.

वाऱ्याचा धोकाही विसरू नये. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मोठे झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या झाडापासून विजेमुळे दूर राहायचे, त्याच्यापासून वाऱ्यामुळेही दूर राहायचे.

पायाळू जन्मल्याने कोणी वीज ओढून घेत नाही. बाळ गर्भातून कसे बाहेर आले, याचा ढगातल्या विद्युतभाराशी काही संबंध नाही. तरीही आजींशी वाद घालू नये. कारण चुकीचे असले तरी सल्ला योग्य आहे, फक्त तो त्यांनी घरातल्या सगळ्यांनाच द्यावा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावू नये, ही समजूत मात्र जीवघेणी आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. वीज अजून पडत असेल, तर आधी त्याला आणि स्वतःला आसऱ्याला न्यावे. तो श्वास घेत नसेल, तर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब द्यावा, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा.