पिपने टाकलेलं पॅकेज क्रॉनला का सापडत नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: उबुंटूवर पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) 'रिक्वेस्ट्स' हे पॅकेज टाकलंय, टर्मिनलमधून स्क्रिप्ट नीट चालते, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रात्री चालली की 'मॉड्यूल नॉट फाउंड'. मग पॅकेज टाकायचं तरी कुठे?

जो पायथन ती स्क्रिप्ट चालवणार, त्याच्यातच. एका मशीनवर दोन-तीन पायथन सुखाने नांदत असतात, प्रत्येकाचं पॅकेजेस ठेवायचं साइट-पॅकेजेस फोल्डर वेगळं, आणि एकाच्या घरातलं दुसऱ्याला दिसत नाही.

मी यात एक अख्खा शनिवार घालवलाय. शेवटी वैतागून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सिस.एक्झिक्युटेबल (स्क्रिप्ट चालवणाऱ्या पायथनचा पाथ) छापून पाहिलं. टर्मिनलमध्ये आला होम फोल्डरमधल्या, स्वतःचा पायथन घेऊन येणाऱ्या अ‍ॅनाकोंडाचा पायथन आणि क्रॉनच्या लॉगमध्ये /यूएसआर/बिन मधला सिस्टिमचा. अ‍ॅनाकोंडाचा पाथ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) लिहिलेला, आणि क्रॉन ती फाइल वाचतच नाही. तुम्हीही आधी हे छापून बघा, बहुधा तिथेच उलगडा होईल.

आता सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज कोंबायचा मोह होईल. उबुंटू २३.०४ पासून पिप तिथे सरळ नकार देतो, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड', म्हणजे हा पायथन उबुंटूच सांभाळतं, म्हणून. ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावून तो नकार मोडता येतो, पण उबुंटूची स्वतःची कितीतरी टूल्स त्याच पायथनवर चालतात. नावातच 'ब्रेक' आहे, अजून काय सांगायचं!

त्यापेक्षा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) बनवा: पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह. एरर आली तर आधी उबुंटूच्या पॅकेज टूलने, म्हणजे अ‍ॅप्टने पायथन३-व्हेन्व्ह घ्या. मग .व्हेन्व्ह/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स. नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन -एम पिप' लिहिलं की पॅकेज कोणत्या पायथनमध्ये जातंय याची शंका उरत नाही. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) त्याच .व्हेन्व्ह/बिन/पायथनचा पाथ रूटपासून पूर्ण लिहा, पुढे स्क्रिप्टचाही. व्हेन्व्ह अ‍ॅक्टिव्हेट करायची गरज नाही. ती सोय टर्मिनलमध्ये टायपिंग वाचवण्यापुरती.

व्हेन्व्हचं फोल्डर उचलून दुसरीकडे मात्र ठेवू नका. आतल्या फाइलींमध्ये जुना पाथ कोरलेला असतो, त्यामुळे नव्या जागी ते नव्याने बनवा.

एवढं करूनही इम्पोर्ट फसलं तर, हसू नका, पण स्क्रिप्टच्या शेजारी 'रिक्वेस्ट्स.पीवाय' नावाची तुमचीच एखादी फाइल पडलीय का ते बघा. पायथन सगळ्यात आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये शोधतो.