गोळीच्या टोकाला कानस लावू नकोस

रानडुकरं तुरीत शिरायला लागली म्हणून तू विचारतोस, ३१५ बोअरच्या रायफलच्या गोळीचं टोक घासलं तर लांबवर जास्त पसरेल का, म्हणजे जनावराला लागल्यावर चपटी होऊन रुंद होईल का? नको रे, हातच लावू नकोस.

टोकाला शिसं उघडं असलेली गोळी पसरण्यासाठीच बनलेली असते. लांबवर पसरत नाही, कारण तिथं पोचेपर्यंत तिचा वेग उतरलेला असतो. घासून वेग वाढत नाही. उलट एका अंगाला जरा जास्त घासली गेली की तोल जातो, गोळी भरकटते. पूर्ण वेष्टनाच्या, म्हणजे शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच असलेल्या गोळीचं तर बूड बहुधा उघडं असतं. टोकही उघडलंस तर शिसं पुढं निसटून वेष्टन नळीत अडकू शकतं. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुटू शकते, आणि तुझा गाल तिथंच टेकलेला असतो.

त्यापेक्षा जवळ जा. वारा तोंडावर घेऊन बांधाआड बस, जनावर शंभर मीटरच्या आत येऊ दे. मागं टेकाड नसेल तर चापाला बोट लावू नकोस, आपल्याकडं रात्री पाणी धरायला माणसं रानात असतात. आणि हो, वनखात्याची लेखी परवानगी आधी घे. नुसता बंदुकीचा परवाना चालत नाही.