कंट्री गिटारचं पिकिंग शिकायला व्हिडिओ लेसन कसे निवडावेत? पैसे भरावेत की यूट्यूब पुरे?

पैशाचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं नुसते कॉर्ड वाजवताय आणि आता कंट्री पिकिंग शिकायचंय, पण त्यातलं नक्की कुठलं? कारण कंट्री म्हणून सर्च मारलं की तीन वेगवेगळे प्रकार एकाच ताटात येऊन पडतात. ट्रॅव्हिस पिकिंग, म्हणजे अंगठा जाड तारांवर ठेका धरून ठेवतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. मग फ्लॅटपिकिंग, सगळं एकाच पिकने (तार छेडायची छोटी चपटी चकती), अमेरिकन गिटारवादक डॉक वॉटसन वगैरे, फिडलच्या धावत्या चाली गिटारवर. आणि चिकन पिकिंग, ते जास्त करून इलेक्ट्रिकवर, पिक धरलेलं असताना मधल्या बोटाने नि अनामिकेने तार खेचून सोडायची, कोंबडी कुकुचल्यासारखा तुटक आवाज येतो म्हणून ते नाव. मी मालवणजवळ राहतो, साधी अकूस्टिक गिटार आहे आणि ट्रॅव्हिसच शिकलोय, तर त्याबद्दलच बोलतो.

पहिला घोळ मी सेलमध्ये घातला. भलामोठा कोर्स, लेसनच लेसन, स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊन टाकला. मास्तर बोलायला एकदम गोड पण कॅमेरा एकतर त्याच्या तोंडावर नाहीतर डाव्या हातावर, उजवा हात अर्धा फ्रेमच्या बाहेर. अहो पिकिंग शिकवताय आणि पिकिंगचाच हात दिसत नाही, म्हणजे घावणे शिकवताना तवा झाकून ठेवल्यासारखं झालं. तीन महिने मी आवाजावरून अंदाजे बोटं मारत बसलो आणि ती सवय मोडायला पुढे सहा महिने गेले.

गंमत म्हणजे असंच एका मोठ्या माणसाचं झालेलं. अमेरिकेतल्या केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस, ज्याच्यावरून ट्रॅव्हिस पिकिंग हे नाव पडलं, तो फक्त अंगठा आणि तर्जनी वापरून वाजवायचा. पुढे नावाजलेला गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स, त्याने ट्रॅव्हिसला पोरवयात रेडिओवर ऐकलं, हात दिसायचा प्रश्नच नव्हता, याला वाटलं एवढं सगळं एका बोटाने कसं निघेल, म्हणून त्याने अंगठा आणि तीन बोटांनी बसवलं आणि तीच त्याची स्टाईल झाली. तो चेट अ‍ॅटकिन्स होता म्हणून स्टाईल झाली, माझा नुसता गोंधळ झाला.

म्हणून लेसन घ्यायच्या आधी फ्री सॅम्पल आवाज बंद करून बघा. कुठल्या ठोक्याला अंगठा कुठल्या तारेवर पडतोय हे नुसत्या डोळ्यांनी कळलं तर तो लेसन चालेल. सी कॉर्डला पाचवी-चौथी-पाचवी-चौथी तार, ई कॉर्डला सहावी-चौथी, असं तो कॉर्डवार सांगतोय का? तळव्याची कड ब्रिजपाशी (गिटारच्या पोटावर तारा अडकवलेली पट्टी) जाड तारांवर हलकी टेकवायची असते, त्यानेच तो दबका टुक-टुक ठेका येतो, हे न सांगता थेट गाण्यावर उडी मारणारा असेल तर सोडून द्या. मी म्हणेन आधी अंगठा एकटा, मग अंगठा आणि बोट एकदम म्हणजे चिमटा, मग दोन ठोक्यांच्या मध्ये बोट, या क्रमाने नेणारा मास्तर शोधा. तुम्ही भजनात बसत असाल तर पखवाजवाल्याकडे बघा, एक हात धुम धरून असतो आणि दुसरा त्यावर खेळतो, डोक्यात ते लवकर बसतं. हाताला मात्र वेळ लागतोच, आई आतून ओरडायची, 'रे, तां एकच किती वाजवतलंस!'

आता पैसे. यूट्यूब वाईट नाही, स्पीड ०.७५ किंवा ०.५ करता येतो आणि सूर उतरत नाही, पण आज हा मास्तर उद्या तो असं होतं आणि प्रत्येकाची बोटं वेगळी. मला विचाराल तर दरमहा पैसे भरण्यापेक्षा एका माणसाचा एकच छोटा लेसन विकत घ्या, चार-पाच चाली आणि सोबत टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद. होमस्पन या अमेरिकन कंपनीचे जुने लेसन असेच आहेत, हॅपी ट्रॉम या गिटारवादकाने १९६७ला वुडस्टॉकमध्ये ती सुरू केली तेव्हा टेप पोस्टाने जायच्या. गिटारवादक स्टीफन ग्रॉसमनच्या गिटार वर्कशॉपचे लेसनही बघा. चित्र जुनाट वाटेल पण शिकवणं निवांत आहे.

थंबपिक, म्हणजे अंगठ्यात घालायचं पिक, ऑनलाइनच मागवा, कुडाळला मी दुकानात मागितलं तर त्याने सतारीची नखी काढून दाखवली.

आणि लेसन डाउनलोड होतो का ते पैसे भरायच्या आधी नक्की विचारा. जुलैत आमच्याकडे लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातात, गिटार वाजवायला तेव्हाच खरा वेळ असतो, आणि माझा तो अख्खा कोर्स गोल गोल फिरत बसलेला असायचा.