हवेच्या हेलकाव्यात पायलट कंट्रोलने (जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने) दिलेली उंची सोडतो का?

मुद्दाम नाही. पण जोराच्या हेलकाव्यात विमान शे-दोनशे फूट वर-खाली जाऊ शकतं. तेव्हा पायलट उंचीच्या मागे धावत नाही. नाक-पंख समतोल राखतो, वेग त्या विमानासाठी ठरलेल्या आकड्यावर आणतो. उंचीसाठी ओढाताण केली तर पंखांवर भार वाढतो. २९,००० ते ४१,००० फुटांत वरच्या-खालच्या विमानांत सहसा १,००० फुटांचंच अंतर असतं, म्हणून उंची टिकत नसेल तर लगेच कंट्रोलला कळवावं लागतं. ते अंतर वाढवतात किंवा दुसरी उंची देतात.

मे महिन्यात दुपारी नागपूरला उतरताना बसणारे धक्के मात्र बहुधा आपल्या तापलेल्या काळ्या रानातून उठणाऱ्या हवेचे. जीव घाबरतो, धोका कमी. पट्टा बांधा, जमलं तर सकाळचं विमान घ्या.