विभागात समता आणायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर विभागाचं प्रमुखपद नुकतंच तुमच्याकडे आलंय, समता आणि सर्वसमावेशकतेचा वर्षभराचा आराखडा द्यायचाय, हाताशी पैसे जवळपास नाहीत आणि व्याख्यानमालेपलीकडे काही सुचत नाहीये.

व्याख्यानमाला तूर्त बाजूला ठेवा. विभागातला भेदभाव बहुतेक वेळा रोजच्या कारकुनी निर्णयांत मुरलेला असतो. गाइड कुणाला कोणता मिळाला, अंतर्गत गुण कसे पडले, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, कुणाचा अर्ज कुणाच्या लॉगिनला पडून आहे. यातलं बरंचसं प्रमुखाच्या सहीच्या आवाक्यातलं आहे.

आधी मागच्या पाच वर्षांची प्रवेश नोंदवही काढा. प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व, पदवीचं माध्यम आणि जिल्हा असे रकाने करा. पुढे चार टप्पे मांडा: प्रवेश, पहिल्या सत्राची परीक्षा, पदवी पूर्ण, पीएचडीला नोंदणी. आपल्याकडे सगळे पहिलाच टप्पा मोजतात. आरक्षणामुळे तो आकडा बरा दिसतो, गळती पुढे असते. वर्गात चाळीसच विद्यार्थी असतील तर एका वर्षाच्या टक्केवारीला अर्थ नाही, पाचही वर्षं एकत्र धरा. आणि एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी जण येत असतील तर तो आकडा फलकावर लावू नका, कोण ते लगेच ओळखू येतं. मध्येच सोडून गेलेल्यांना एकेक फोन करून कारण विचारा. ते कारण विभागाच्या एकाही कागदावर नसतं.

फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येईल तो पैसा. शासकीय शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली जात नाही ना, हे स्वतः खिडकीवर जाऊन बघा. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, अर्ज परत येण्याची कारणं दरवर्षी तीच असतात: उत्पन्नाचा दाखला जुना, नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली, बँक खातं आधारशी न जोडलेलं, आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावात फरक. शेवटचं कारण लग्न झालेल्या मुलींना हमखास नडतं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं आणि ते आठवड्यात होत नाही, म्हणून ही तपासणी प्रवेशाच्या दिवशीच करा. प्रवेश संपल्यावर दोन दुपारी संगणक कक्ष उघडा ठेवून एक लिपिक आणि दोन सीनियर विद्यार्थी बसवले तरी बरेच अर्ज मार्गी लागतात. फक्त वर्गात "शिष्यवृत्तीवाले थांबा, बाकीचे जा" असं कुणी म्हणू नये. त्या एका वाक्यात अर्ध्या वर्गाची जात जाहीर होते. वेळ सगळ्यांना कळवा, ज्याला यायचं तो येईल.

फीपेक्षा किरकोळ खर्च जास्त लाजवतात. प्रबंधाची सोनेरी अक्षरांची बांधणी, सहल, निरोप समारंभाची वर्गणी. प्रबंधाची पीडीएफ आणि एक स्पायरल प्रत चालेल, असा ठराव विभागाच्या बैठकीत करून टाका.

वेळापत्रक लावण्याआधी एसटीचं वेळापत्रक मागवा. साडेपाचला सुटणारं प्रॅक्टिकल म्हणजे तांड्यावर जाणारी शेवटची गाडी चुकणं. मुलीच्या बाबतीत घरचे दुसऱ्या दिवशी पाठवतच नाहीत. बीड आणि आसपासच्या भागात दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे विद्यापीठाची दोन्ही सत्रं त्यात सापडतात. कुणी आईवडिलांसोबत फडात जातं, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतं. ७५ टक्के उपस्थितीची अट तुम्ही बदलू शकत नाही, पण प्रात्यक्षिकं सलग दिवसांत घेऊ शकता आणि अंतर्गत चाचणीची दुसरी तारीख सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांसाठी जाहीर करू शकता. ती आधी जाहीर केलेली असली पाहिजे. मागून हातापाया पडून मिळते ती मेहरबानी, आणि मेहरबानी ओळखीच्यांनाच मिळते.

आता अंतर्गत गुण आणि तोंडी परीक्षा, कारण खरी मेख इथे आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा आडनावात जात वाचली जाते. म्हणून चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नको, बैठक क्रमांकच हवा. तोंडी परीक्षेत "पूर्ण नाव काय, गाव कोणतं, पाहुणे कुठले" ही सुरुवात बंद करा. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते, समोरच्याला चौकशी. पहिले तीन प्रश्न सगळ्यांना तेच, आधी लिहून ठेवलेले. दोन परीक्षक असतील तर दोघांनी आधी गुण लिहायचे, मग बोलायचं. हे बिघडतं ते असं: एकूण गुण मनात ठरतात आणि निकषांचे रकाने मागाहून त्या बेरजेला जुळवले जातात. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थी बाहेर गेला की तक्ता भरून, पेनाने, सही करून बाजूला ठेवायचा.

पीएचडीचं तसंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. कुणाकडे किती जागा रिकाम्या आणि कोणत्या विषयात, हे मुलाखतीआधी फलकावर लावा. नाहीतर जागा "आपल्या माणसा"साठी राखून ठेवल्या जातात आणि बाहेरून आलेल्याला "माझ्याकडे जागा नाही" एवढंच ऐकू येतं. गाइडने नकार दिला तर कारण इतिवृत्तात यावं. याच नियमांत महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षांची जादा मुदत, आणि महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. हे नोंदणीच्या पत्रासोबतच लेखी द्या. बार्ती, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या कागदांवर गाइडच्या सह्या लागतात, आणि अडवलेली सही हे दबावाचं हत्यार होतं. सहीची तारीख महिन्यातून एक, विभागाने ठरवलेली.

भाषेबद्दल थोडक्यात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या तीन आठवड्यांतच मागे पडतो. प्रत्येक पेपरसाठी शंभर-दीडशे संज्ञांची द्विभाषिक यादी पहिल्या दिवशी द्या. आणि मराठवाडी बोलीत "काय करायलास" म्हणणाऱ्याला कुणी वर्गात हसत असेल, तर तो हसणारा शिक्षक आहे की विद्यार्थी ते बघून बोला.

तक्रारींचा निवाडा विभागात करू नका, मिटवामिटवी तर नाहीच. लैंगिक छळाची तक्रार यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे अंतर्गत समितीकडे: घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची. जातीय भेदभावाची तक्रार भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे जाते, तो नेमण्याची तरतूद यूजीसीच्याच २०१२ च्या नियमावलीत आहे. दोन्हींची माहिती आणि फोन क्रमांक वर्गाबाहेर लावा. विभागाची समिती फक्त वर सांगितलेल्या व्यवस्थांवर लक्ष ठेवणारी असावी, आणि तिचं सगळं काम एकट्या दलित सहकाऱ्यावर किंवा एकमेव महिला प्राध्यापकावर ढकलू नका.

"आपले अनुभव सांगा" छापाचं खुलं सत्र घ्यायला कुणीतरी सुचवेलच. मी घेऊ नका म्हणेन. १९७८ साली विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यावर या भागात गावोगाव काय झालं आणि १९९४ च्या नामविस्तारापर्यंत काय चाललं, ते समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकत मुलं मोठी झालेली असतात. वर्गासमोर उभं करून कुणाला बोलतं करणं म्हणजे पुढची दोन वर्षं त्याला एकटं पाडणं. त्याऐवजी सत्राअखेर निनावी चिठ्ठ्या घ्या. प्रश्न दोनच: कुठे अडलं, कुणाकडे गेलात.

जयंतीचे कार्यक्रम होतातच. रांगोळी आणि ओवाळणं मुलींकडे, माइक मुलांकडे, सतरंज्या ठरावीक मुलांकडे, ही वाटणी मात्र एकदा तपासा.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ५ टक्के जागा असतात. लिफ्ट नसेल तर अशा विद्यार्थ्याचा अख्खा वर्ग तळमजल्यावर आणा, हा फुकटातला उपाय आहे. व्हीलचेअरच्या उताराचं (रॅम्पचं) प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. ठेकेदार जागा वाचवायला त्याचा चढ जास्त तीव्र करतात आणि मग व्हीलचेअर वर चढत नाही. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, हे पर्यवेक्षकाला आदल्या दिवशी लेखी कळवा. दृष्टिहीन विद्यार्थ्याला नोट्स देताना युनिकोडमध्ये टाइप केलेल्याच द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली मराठी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वाचतो तेव्हा निरर्थक अक्षरं ऐकू येतात, आणि झेरॉक्सचं स्कॅन तर तो वाचतच नाही. जुन्या नोट्स युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेवढं कुणीतरी डोळ्यांखालून घालावं लागतं.